माईंचं देणं

मुलाच्या हातात पेन्सिल द्यायची ती त्याची बोटं तयार झाल्यावर, हे मला माईंनी शिकवलं. त्याआधी त्या बोटांनी काय काय करायचं असतं, तेही त्यांनीच दाखवलं. मटार सोलायचे, शेवग्याचा पाला ओरबाडायचा, कणीक तिंबायची, बेंदराला ओल्या मातीचे बैल करायचे, पारिजातकाची फुलं देठ न मोडता वेचायची, कागद फाडायचा आणि फाडलेला पुन्हा चिकटवायचा. मिरजेत माझी बालवाडी तीन दशकांहून जास्त चालली. तिच्यात माझं स्वतःचं असं फार थोडं होतं. बाकी सगळं माईंचं.

लग्न होऊन मिरजेला आले तेव्हा मी वाणिज्य शाखेची पदवीधर होते आणि मुलांशी माझा संबंध भाचरांना खाऊ देण्यापुरता होता. नवरा रेल्वेत, जंक्शनच्या पाळ्या. मुलगी तीन वर्षांची झाली तशी तिला एका नावाजलेल्या शाळेच्या शिशुवर्गात घातली. पहिल्या महिन्यापासून तिला चौकटीच्या वहीत रोज पानभर अक्षरं गिरवून न्यावी लागत. ती बोटं दुखतात म्हणायची. वही समोर धरली की मूठ आवळून घ्यायची, उघडायचीच नाही. दिवाळीनंतर तिने शाळेच्या रस्त्यावर पाऊल टाकायलाच नकार दिला. आमच्या वाड्यातल्या काकू म्हणाल्या, "ब्राह्मणपुरीत माईंकडे नेऊन तर बघ. तिथे मुलं रडत नाहीत."

माईंच्या ओसरीवर दहा-बारा मुलं गोल करून बसली होती. मध्ये सुपात मटारच्या शेंगांचा ढीग. माईंनी माझ्या मुलीला नाव विचारलं नाही, गालाला हात लावला नाही, की "शाळेत यायचं ना?" असंही म्हटलं नाही. तिच्यापुढे एक ताटली सरकवली, तीत पाच-सहा शेंगा ठेवल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तूही बस. सोल. पण तिच्या शेंगा तू सोलायच्या नाहीत."

मुलीने शेंग उलटसुलट केली, चावून पाहिली, देठाकडून ओढली. शेजारच्या मुलाने आपली शेंग शिरेवर दाबून फट्‌कन उघडली, तेव्हा तिने त्याच्या अंगठ्याकडे नीट पाहिलं. मग स्वतःचा अंगठा तिथेच ठेवला. शेंग उघडली. आतले दाणे तिने ओळीने बोटाने खरवडून काढले, एकेक. अंगठा आणि दोन बोटं, हीच पुढे पेन्सिल धरणारी तीन बोटं. हे मला माईंनी नंतर सांगितलं. त्या दिवशी मी फक्त एवढंच पाहिलं, की सहा महिने आवळलेली मूठ उघडली होती.

माईंचं बालवाडी शिक्षिकेचं शिक्षण डहाणूजवळच्या कोसबाडला झालं होतं. साठच्या दशकात, विशीतली एकटी मुलगी मिरजेहून मुंबईला आणि तिथून पश्चिम रेल्वेने डहाणूकडे गेली, याचं घरात काय झालं असेल ते त्या कधी बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांबद्दल. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेत पुढे असलेल्या ताराबाई शहरातल्या सुस्थित मुलांच्या बालमंदिरांवर थांबल्या नाहीत. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई तिथेच त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर दोघींनी मिळून ते काम वाढवलं. बालपणीच विधवा झालेल्या अनुताईंनी शेवटपर्यंत ती टेकडी सोडली नाही. वारली आदिवासींची मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडत नाहीत म्हटल्यावर शाळा कुरणात गेली. १९७५ साली सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा देशभर जे अंगणवाडी हे नाव पोहोचलं, त्यामागे हा इतिहास आहे. आज गावोगावच्या ज्या अंगणवाडी ताईंना आपण पोषण आहार वाटण्यापासून वजनं घेण्यापर्यंत सगळी कामं सांगतो, त्यांच्यापर्यंत या दोघींची गोष्ट पोहोचायला हवी, असं मला फार वाटतं.

माईंनी कोसबाडहून पदविकेच्या कागदाबरोबर एक दृष्टी आणली होती. मॉन्टेसोरीबाईंची साधनं उत्तम, पण महाग. ताराबाई-अनुताईंनी त्यांच्या जागी शिंपले, चिंचोके, गुंजा, बांबूच्या कांड्या, पानं, खडे आणले. माईंच्या ओसरीवरच्या फडताळात म्हणूनच विकत आणलेलं असं जवळजवळ काही नव्हतं. वजनाप्रमाणे लावायच्या डब्या होत्या, त्यांत वाळू, तांदूळ, कापूस आणि लोखंडी खिळे. खरखरीत-गुळगुळीत ओळखायला गोणपाट, खण, जुनी रेशमी चोळी. आणि रंगवायचे कुंचले. बांबूच्या काडीचं टोक दगडावर ठेचून, तंतू मोकळे करून केलेले, वारली बायका भिंतीवर चित्रं काढायला करतात तसे. हे कुंचले मुलं स्वतः करत. एका मुलाचा कुंचला जाड उमटायचा, दुसऱ्याचा फाटका. मुलांना तो फरक कळायचा आणि ती पुन्हा ठेचायला बसायची. दुकानातला ब्रश हातात दिला असता तर हे अर्ध्या तासाचं काम, विचार आणि धीर सगळंच बुडालं असतं.

चित्रांच्या पुस्तकांच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. पुस्तक मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला धरायचं. पान वरच्या कोपऱ्यातून, बोटाच्या पोटाने उलटायचं आणि मुलांनाही तसंच उलटायला द्यायचं. पहिल्या दिवशी फक्त मुखपृष्ठ. "हे काय आहे?" असं लागोपाठ विचारायचं नाही. त्याने मुलाला परीक्षेला बसवल्यासारखं होतं आणि ते एका शब्दात उत्तर देऊन सुटका करून घेतं. त्याऐवजी "हा कुठे निघालाय?", "ती अशी का बघते आहे?", "मागे कोण उभं आहे?" आणि मग थांबायचं. खरोखर थांबायचं. मला ते थांबणं सगळ्यात अवघड गेलं. मूल गप्प असलं की आपण उत्तर पुरवतो. माई मांडीवर हात ठेवून बसायच्या आणि वाट बघायच्या. मला वाटायचं, आता हे मूल काही बोलत नाही. आणि तेवढ्यात ते मूल चित्राच्या पार कोपऱ्यातल्या एका कोंबडीकडे बोट दाखवायचं, जी आम्हा दोघींनाही दिसलेली नसायची.

पुस्तकं तेव्हा मिळणं सोपं नव्हतं. माईंकडे नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ पुस्तकं होती. त्यांतलं मिकी पटेल यांचं रूपा नावाच्या हत्तिणीचं पुस्तक मुलांनी हाताळून हाताळून मऊ केलं होतं. आपल्या राखाडी रंगाला कंटाळलेली ती हत्तीण माझ्या पुढच्या कित्येक तुकड्यांची मैत्रीण झाली. काही पुस्तकं सोव्हिएत रशियातून आलेली. मोठी पानं, दाट रंग, बर्फ, अस्वलं, आणि किंमत इतकी कमी की शिक्षिकेच्या पगारात बसावी. १९९१ नंतर ती येणं बंद झालं. माईंनी उरलेल्यांची पानं कापडी पट्टीने जोडून जोडून वापरली. मिरजेच्या उन्हाळ्यात बर्फाचं चित्र पाहून एका मुलीने विचारलं होतं, "हे मीठ आहे का?" माई म्हणाल्या, "तुला मिठासारखं वाटतंय? मग त्यावर पाय ठेवला तर कसा आवाज येईल?" लगेच खडे मीठ आणलं गेलं, पाटावर पसरलं गेलं आणि सगळ्यांनी त्यावर पाय ठेवून पाहिला. बर्फ म्हणजे काय हे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या दिवशी त्यांनी मुलीचा अंदाज पुढे जाऊ दिला.

पुस्तक, हस्तकला आणि स्वयंपाक असे तीन तास त्यांच्याकडे नव्हते. एकच गोष्ट हातात घ्यायची आणि ती या तिन्हीतून फिरवायची. त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे भोपळ्याचा आठवडा. तो मी पुढे दरवर्षी केला, पण पहिला माईंचा. तोच इथे लिहिते.

सोमवारी ओसरीच्या मधोमध एक अख्खा लाल भोपळा. कोणी काही सांगायचं नाही. मुलांनी तो ढकलला, त्यावर बसून पाहिलं, एकट्याने उचलायचा प्रयत्न केला, मग चौघांनी मिळून उचलला. त्यावर थापा मारल्या. 'धप' असा आवाज आला. शिरा किती ते मोजायला सुरुवात झाली, पण गोल वस्तूवर मोजताना कुठून सुरू केलं ते विसरतं. मग एका मुलाने सुरुवातीच्या शिरेवर हळदीचं बोट लावलं. ही युक्ती त्याला कोणी सांगितली नव्हती. त्यानंतर माईंनी लेकीकडे निघालेल्या म्हातारीची, तिच्या भोपळ्याची आणि वाटेवरच्या वाघाची गोष्ट सांगितली. म्हातारी आत मावेल का, या प्रश्नावर मुलं घरी जाईपर्यंत बोलत होती.

मंगळवारी तो चिरला. आमच्याकडे अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी पुरुषाने लावायची अशी रीत आहे. माईंनी स्वतःच लावली आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. आतले ओले तंतू, त्यांत अडकलेल्या बिया. मुलांनी दोन्ही हात घालून बिया ओढल्या, चाळणीत धुतल्या, सुपावर पसरल्या. त्या वाळल्यावर त्यांचे ढीग झाले, माळा झाल्या, कुंकवात आणि हळदीत रंगवून त्यांचे मासे, मोर, नक्षत्रं झाली. ज्याला जे दिसेल ते. नमुना समोर ठेवायचा नाही हा माईंचा पक्का नियम. समोर एकच मोर ठेवला की तीस मोर होतात आणि त्यांतला एकही मुलाचा नसतो.

बुधवारी घारगे. फोडी माईंनी वाफवून निववून ठेवल्या होत्या. मुलांनी त्या हाताने कुस्करल्या, चिरलेला गूळ मोजून घातला, दोन वाट्या गराला एक वाटी. चिमूटभर मीठ, तीळ. मग मावेल तेवढी कणीक. "मावेल तेवढी म्हणजे किती?" एका मुलाने विचारलं. माई म्हणाल्या, "पीठ तुझ्या हाताला चिकटायचं थांबलं की मला सांग." तो गंभीरपणे पिठात बोट घालून पुन्हापुन्हा पाहत राहिला, आणि बरोबर वेळी म्हणाला, "आता." स्वयंपाकात माप जितकं वाटीत असतं तितकंच बोटांत असतं, हे त्याला चौथ्या वर्षी कळलं.

केळीच्या पानाच्या तुकड्यावर प्रत्येकाने आपला घारगा थापला. तळण्याआधी माई म्हणाल्या, "सगळे एकत्र तळणार. आपला कुठला ते कसं ओळखाल?" मुलं विचारात पडली. मग एकीने बोटाने दोन खड्डे केले. दुसऱ्याने नखाने रेघ ओढली. तिसऱ्याने कडेला चिमटा काढला. कोणाची खूण दुसऱ्यासारखी झाली की वाद, मग बदल. जमिनीवर खडूची रेघ आखलेली, तिच्यापलीकडे मुलं उभी, अलीकडे कढई आणि माई. घारगे फुगून वर आले की खुणा थोड्या बदलत, काही पुसट होत. तरी प्रत्येकाने आपला ओळखला. माझ्या मुलीने आपल्या घारग्यावर वेढा काढला होता. तो तळल्यावर अर्धा मिटला, तरी तिने तो परातीतून बरोबर उचलला.

त्या संध्याकाळी माई मला म्हणाल्या, "आज त्यांनी लिहिलं, बघ. खूण करायची, ती दुसऱ्यापेक्षा वेगळी ठेवायची आणि नंतर ती वाचायची. अक्षर म्हणजे तरी दुसरं काय? आता ती स्वतःच अक्षर मागतील." पुढच्या महिन्यात माझ्या मुलीने खरोखरच विचारलं, "माझं नाव लिहायला कोणती खूण असते?" तिला तेव्हा कोणी पेन्सिल लादली नाही. तिने ती मागून घेतली.

आठवड्याचा शेवट सतारमेकर गल्लीत झाला. मिरजेत सतारी आणि तंबोरे करणारी घराणी आहेत, हे आम्हाला इतकं सवयीचं की त्याचं काही वाटत नाही. मुलांनी पहिल्यांदा दुकानाच्या वरच्या फळीवर ओळीने मांडलेले वाळके भोपळे पाहिले. पंढरपूरच्या बाजूने येतात ते, खायचे नव्हेत, कडू असतात. कारागीर चाचांनी एक खाली काढून मुलांपुढे धरला. मुलांनी थाप मारली. या वेळी आवाज वेगळाच, लांब, आतून येणारा. सगळी गप्प झाली. मग एक मुलगा, हमालाचा, जो ओसरीवर फारसा बोलत नसे, म्हणाला, "ह्यो मोकळा हाय म्हणून वाजतोय. आमचा भरल्याला हुता."

परत आल्यावर पुस्तक झालं. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांचं, दाभणाने शिवलेलं. प्रत्येकाने एक चित्र काढलं, चित्राखालचं वाक्य त्याने सांगायचं आणि मी लिहायचं. त्या मुलाचं वाक्य मी 'हा भोपळा पोकळ आहे म्हणून वाजतो' असं लिहायला घेतलं, तेव्हा माईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "तो बोलला तसंच लिही. आपल्या तोंडचे शब्द कागदावर तसेच उतरतात हे त्याला दिसू दे. पुस्तकातली भाषा पुढे येईलच, ती कुठे पळून जात नाही." त्याचं वाक्य त्याच्या बोलीत त्या पुस्तकात राहिलं. त्याने ते पान आपल्या आईला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानेच 'वाचून' दाखवलं, प्रत्येक शब्दाखाली बोट फिरवत.

मी माईंकडे मुलीला सोडायला जाता जाता मदतनीस झाले आणि त्यांनीच मला स्वतःची बालवाडी काढायला लावलं. त्यांनी शिकवण्याचं काही घेतलं नाही. मी साडी नेली, तर म्हणाल्या, साडी नको, मला एक शब्द दे. दर तुकडीत दोन जागा अशा ठेव की ज्यांच्या घरून फी येणार नाही, आणि ती मुलं कोणती हे बाकीच्यांना कधी कळता कामा नये. तो शब्द मी पाळला. पण त्याने देणं फिटलं असं मला कधीच वाटलं नाही, कारण त्या जागांवर बसलेल्या मुलांनीही मला काहीतरी देऊनच ठेवलं.

आता मी अंगणवाडी ताईंच्या प्रशिक्षणाला जाते तेव्हा पाहते, की चित्रांची पुस्तकं कपाटात कुलपात असतात, फाटतील म्हणून. पालक तयार हस्तकलेचे संच आणतात, ज्यात सगळं कापलेलं, फक्त चिकटवायचं उरलेलं असतं. शाळेचा प्रकल्प आई रात्री जागून पूर्ण करते. मुलाला स्वयंपाकघरात येऊ दिलं तर पसारा होतो, वेळ जातो. हे सगळं प्रेमापोटीच होतं, पण त्यातून मुलाचं काम त्याच्या हातून जातं. चिमुकल्या हाताने सांडलेलं पीठ पुसायला पाच मिनिटं लागतात. त्या सांडण्यातून मिळालेला अंदाज त्याला दुसरं कोणीही देऊ शकत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात २०२० साली तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा म्हणून मान्य झाला, खेळ आणि कृती यांना जागा मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण धोरण कुलूप काढत नाही. ते ताईंनीच काढायचं असतं, आणि पुस्तक फाटलं तर त्यांच्याकडून भरपाई मागितली जाणार नाही हे कोणीतरी त्यांना लेखी द्यायला हवं.

शेवटच्या वर्षांत माईंची नजर गेली. काचबिंदू होता, उशिरा कळला. त्या दरम्यान माधुरी पुरंदरे यांची मुलांसाठीची मराठी पुस्तकं आली होती आणि मी 'राधाचं घर' हा संच घेऊन त्यांच्याकडे गेले. माईंनी पुस्तक हातात घेतलं, कागदाचा पोत पाहिला, कडेवरून बोट फिरवलं, बांधणी चाचपली. मग म्हणाल्या, "दाखव मला."

मी एकेक चित्र सांगू लागले. घर आहे, माणसं आहेत, असं आहे, तसं आहे. त्यांनी मला थांबवलं. "असं यादी केल्यासारखं नको. ती काय करते आहे? कोणाकडे बघते आहे?" मी पुन्हा चित्राकडे पाहिलं. नीट पाहिलं तेव्हा मला आधी न दिसलेलं दिसायला लागलं, आणि मी सांगत गेले. त्या मध्येच विचारत, "मागे काय आहे?", "भांडी कशी ठेवली आहेत?", "म्हणजे घाईत आहेत का निवांत?" मी गप्प झाले की त्याही गप्प होत. मांडीवर हात ठेवून, वाट बघत. एवढी वर्षं मुलांना विचारत आलेले प्रश्न कोणीतरी मला विचारत होतं, आणि एका पानावर आम्ही दोघी पाऊण तास होतो.

पुस्तक मिटल्यावर त्यांनी ते मला परत दिलं. "चांगलं आहे. मुलांना एकेक पान चार-चार दिवस पुरेल. दोन प्रती घे. एक फाटणार, ती फाटू दे. दुसरी शिवायला शिकवताना नमुना म्हणून लागेल." मग त्यांनी विचारलं, किंमत किती, आणि उशीखालच्या बटव्यातून एका प्रतीचे पैसे काढून माझ्या हातात मोजून ठेवले.